साडेनऊ आलं तर साडेनऊच लिही

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

परवा तुझ्या आईचा फोन आला. पुण्यात बी.एस्सी.ला प्रवेश मिळाला, हॉस्टेलही झालं, आता "बाई, तिला चार गोष्टी सांगा, पोरगी फार बुजरी आहे." तुझी आई माझ्या वर्गात शेवटून दुसऱ्या बाकावर बसायची, हे तिने तुला सांगितलं नसणार. असो. चार गोष्टी मला जमणार नाहीत. लंबकाची एक तेवढी सांगते.

पहिल्या वर्षी आम्हाला साध्या लंबकाचं प्रॅक्टिकल होतं. दोरीला गोळा टांगायचा, वीस हेलकाव्यांना किती वेळ लागतो ते मोजायचं आणि त्यावरून गुरुत्व त्वरण, म्हणजे 'जी', काढायचं. उत्तर ९.८ च्या आसपास यायला हवं, हे सगळ्यांना आधीच ठाऊक. त्यामुळे वर्गातल्या प्रत्येकाचं ९.८ यायचं. सिनियरची जर्नल्स हॉस्टेलमध्ये फिरत असायची, आणि नसली तरी उत्तरावरून उलटं गणित करून रीडिंग्ज तयार करता यायची. मीही तेच केलं. सरांनी माझी वही पाहिली, घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "एवढ्या वेळात लंबक इतक्यांदा हलला तरी का?" पानावर लाल रेघ.

दुसऱ्या दिवशी खरोखर मोजलं. दोरी पन्नास सेंटिमीटरच्या आसपास होती. 'जी' आलं ९.५. पुन्हा मोजलं, पुन्हा ९.५. स्टाफरूमच्या दारापर्यंत जाऊन मी दोनदा परत फिरले. इंग्रजीत कसं विचारायचं, हीच धास्ती. तिसऱ्यांदा आत गेले आणि सरळ मराठीत म्हणाले, "सर, चुकतंय, पण कुठे ते कळत नाही."

सरांनी मला वेगवेगळ्या लांबीच्या दोऱ्या घेऊन आलेख काढायला लावला. आडव्या अक्षावर आवर्तकालाचा, म्हणजे एका पूर्ण हेलकाव्याला लागणाऱ्या वेळाचा, वर्ग, उभ्यावर लांबी. रेघ सरळ आली, पण शून्यातून जाईना, दीड सेंटिमीटर खाली घसरलेली. दोरी मी हुकाच्या वरपर्यंतच मोजत होते. लांबी धरायची गोळ्याच्या मध्यापर्यंत. हुक आणि गोळ्याची त्रिज्या मिळून दीड सेंटिमीटर मी प्रत्येक वेळी गाळत होते, आणि ती चूक आलेखावर उघडी पडली होती. रेघेच्या चढावरून 'जी' काढलं तर ९.८. प्रयोगशाळा बंद करायला आलेला शिपाई दारात किल्ल्या वाजवत उभा होता, तरी सर हलले नाहीत.

दोन वर्षांनी एका ठिकाणी अर्ज करताना शिफारसपत्र हवं होतं, तेव्हा याच सरांकडे गेले. माझ्या मार्कांबद्दल त्यांनी एक ओळ लिहिली, बाकी सगळं पत्र त्या दीड सेंटिमीटरवर.

तुलाही अशी पत्रं लागतील. देशातल्या तीन विज्ञान अकादम्या मिळून विद्यार्थ्यांना उन्हाळ्यात दोन महिने मोठ्या संस्थांमधल्या शास्त्रज्ञांकडे कामाला पाठवतात, विद्यावेतनही देतात. तिथे शिक्षकाचं पत्र मागतात. जो शिक्षक तुला फक्त हजेरीपटावर ओळखतो, तो लिहून लिहून काय लिहिणार? 'मेहनती व सुस्वभावी'. त्याने कुणाचं काही होत नाही.

आता पैशांचं. इथे बुजरेपणा महागात पडतो. शिष्यवृत्ती एकदा मिळाली की दरवर्षी आपोआप येते, असं मला वाटायचं. दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज भरायचा राहिला. खिडकीवर विचारायला गेले, तर "तारीख गेली" एवढंच उत्तर. भावाला सायकल घ्यायची होती, ती राहिली. तुमच्या वेळी सगळं ऑनलाइन, सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर आहे, पण भानगड तीच. अर्ज तू भरलास तरी तो कॉलेजच्या लॉगिनला अडकून राहू शकतो. उत्पन्नाचा दाखला आत्ताच तहसीलमधून काढून ठेव, बँक खातं आधारशी जोडलंय का बघ, आणि भरल्यावर पंधरा दिवसांनी ऑफिसात जाऊन विचार. लाजू नकोस, क्लार्कला रोज शंभर जण विचारतात. 'कमवा आणि शिका' तुझ्या कॉलेजात असेल तर त्यातही नाव दे, आणि काम निवडता आलं तर ग्रंथालयातलं घे. पुस्तकं जागेवर लावता लावता न शोधलेली पुस्तकं हाताला लागतात, आणि तीच पुढे कामाला येतात.

एनएसएस, नाटक, वादविवाद यातलं एखादं आवडीने कर. पुरुषोत्तम करंडकासाठी कॉलेजची एकांकिका उभी राहत असेल तर बॅकस्टेजला शिर. पहिल्या वर्षाच्या मुलांना बहुधा सेट उचलायलाच ठेवतात, पण रात्री बारापर्यंत तालमीत बसलेल्या माणसांशी जी ओळख होते ती वर्गात होत नाही. एका दिवसात प्रमाणपत्र हातात देणाऱ्या कार्यशाळांना मात्र जाऊ नकोस. फाईल फुगते, बाकी काही नाही.

आणि २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, नारायणगावची एसटी पकड. तिथून जवळच खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या एकूण ३० डिश. त्या दिवशी ती सर्वांना आतून पाहायला मिळते. माझा पुतण्या गेला होता, डिशसमोर फोटो काढून परत आला. तू तसं करू नकोस. तिथे काम करणारं कुणी समोर दिसलं की विचार: एवढी मोठी तबकडी जाळीची का केली, पत्र्याची का नाही? उत्तर मला माहीत आहे, पण मी सांगणार नाही.

पहिल्या महिन्यात घरची आठवण येईल, मेसची भाजी गोड लागेल, वर्गातल्या पुण्याच्या मुली फटाफट बोलतील. त्यातल्या निम्म्यांचं 'जी' उत्तरावरून उलटं काढलेलं असतं, हे लक्षात ठेव.

दिवाळीत येशील तेव्हा जर्नल घेऊन ये. नीटनेटकी पानं नकोत. जिथे लाल रेघ असेल ते पान आधी उघड.

तुझी,
बाई