मुलगी १६ वर्षांची आहे, सतत चिडते. तिला एकटीला थेरपीला न्यावं, फॅमिली थेरपी घ्यावी, की आम्हा नवरा-बायकोची कपल थेरपी?

तुमच्या प्रश्नाखालची ओळ वाचून लिहायला बसलो. "नवरा म्हणतो, मी येणार नाही, तिला ने आणि दुरुस्त करून आण." दुरुस्त करून आण! पोरगी आहे की मिक्सर? पण २०१८ साली हेच शब्द मी वापरलेत, त्यामुळे नवऱ्याला फार बोलत नाही.

आमचं कराडला हार्डवेअरचं दुकान. खाली दादा-वहिनी, वर आम्ही तिघं आणि आई. मुलगा नववीत होता. शाळेची वेळ झाली की पोटात कळ. सोनोग्राफी झाली, रक्त-लघवी झाली, सगळं नॉर्मल. आईनं मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. शेवटी बालरोगतज्ज्ञांनीच एका समुपदेशक बाईंचं नाव दिलं. मी पोराला सोडायला गेलो, तर बाई म्हणाल्या, पुढच्या वेळी घरातले सगळे या, आजींनाही आणा.

म्हटलं, दुखतंय याचं, आम्ही कशाला?

तरी गेलो. बाईंनी कोरा कागद घेतला आणि पुरुषांना चौकोन, बायकांना गोल अशा तीन पिढ्या मांडायला लागल्या. याला जिनोग्राम म्हणतात हे नंतर कळलं. तेव्हा वाटलं, वारस नोंदीला तलाठ्याकडे वंशावळ देतात तसलं काहीतरी. आई तर आधीच म्हणाली, मी कशावर अंगठा देणार नाही. मग कोणाचं कोणाशी पटत नाही ते विचारून बाई तिथं नागमोडी रेघ मारायच्या. आई आणि बायकोच्या मध्ये नागमोडी. दोघींचा वर्षभर अबोला होता, ते मला ठाऊक होतं. पण घर चालत होतं कसं? "मम्मीला सांग, दूध उतू जातंय." "आजीला विचार, भाकरी की चपाती." सगळा कारभार पोरामार्फत.

बाईंनी विचारलं, याचं पोट दुखतं तेव्हा घरात काय होतं? बायको म्हणाली, मी ओवा देते. आई म्हणाली, मी बेंबीला हिंग लावते. बाई म्हणाल्या, आणि तेवढा वेळ दोघी एकमेकींशी बोलता? कोणीच काही बोललं नाही. पोरगं खाली बघत होतं. ढोंग नव्हतं हो, कळ खरी होती. पण ते दुखत असेपर्यंतच घरात बोलणं होतं. बाईंनी दोघींच्या मधली त्याची खुर्ची काढली आणि तिथं मला बसवलं. मला घाम फुटला.

घरी आल्यावर दादा म्हणाला, "८०० रुपये देऊन गप्पा मारून आलास? अमेरिकेची फॅडं. घरातलं घरात ठेवायचं असतं." अजून म्हणतो. त्याला तेव्हा उत्तर सुचलं नाही, आता देतो. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५०च्या दशकात रुग्णांच्या घरच्यांना आवारात तंबू ठोकून सोबत राहायला लावलं होतं. अमृतसर अमेरिकेत नाही. आणि त्या कागदावर माझ्या आणि दादाच्या चौकोनांमध्येही नागमोडी रेघ आली, गाळ्याच्या भाड्यावरून. ती मी मारायला सांगितली नव्हती, पोरानं सांगितली.

आता तुमचा प्रश्न. एकट्याच्या थेरपीत माणसाच्या स्वतःच्या विचारांवर काम होतं. विचार आणि वागणं बदलायची ॲरन बेक यांची सीबीटी, हटवादी विचार तपासायची अल्बर्ट एलिस यांची आरईबीटी, जिला मराठीत विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणतात, ती यातलीच. माझी बायको नंतर तशी एकटी जात होती, तिला झोप लागायला लागली. कपल थेरपीत पेशंट म्हणजे तुमच्या दोघांमधलं नातं, कोण बरोबर हा निकाल तिथं लागत नाही. फॅमिली थेरपीत सगळ्या घराची मांडणी बघतात. खुर्च्या हलवायची ती पद्धत सॅल्व्हाडोर मिनुचिन या फॅमिली थेरपीवाल्या डॉक्टरांची, त्यांनी फिलाडेल्फियात दुखणाईत मुलांच्या घरच्यांसोबत बरंच काम केलं. माझं मत विचाराल तर पोरगं बिघडलंय म्हणणाऱ्या प्रत्येक आई-बापानं आधी स्वतः खुर्चीत बसावं.

हे सरसकट नाही, बाईंनीच बजावलं होतं. मुलगी स्वतःला इजा करत असेल, जेवण-झोप सुटली असेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर, गोळ्या लागल्या तर गोळ्या. तिला बैठकीत स्वतंत्र वेळ मागा, सगळ्यांसमोर मुलं सगळं बोलत नाहीत. आणि घरात मारहाण असेल तर एकत्र बसायच्या फंदात पडू नका, तिथं बोललेल्याचा सूड घरी निघतो. रात्री-अपरात्री काही वाटलं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

आमचंही सगळं सुरळीत झालं असं नाही. पाच बैठका झाल्या, आई दोनदाच आली. पण दिवाळीनंतर पोराची शाळा बुडली नाही, आणि कोणी निरोप दिला की ते म्हणायचं, "तूच सांग." आईला हे उद्धटपणाचं वाटायचं.

नवरा येणार नाही म्हणताय, तर "तुमचं चुकतंय" म्हणून नेऊ नका. मला बायकोनं "पोराला तेवढं सोडून या" म्हणून पाठवलं होतं. सगळ्यांना बोलावणार आहेत, हे तिला फोनवर आधीच कळलं होतं.