मुलं हसली, एवढंच घडलं

काल शेवटच्या बाकावरची दोन मुलं हसली आणि तू ठरवून टाकलंस, 'मला शिकवता येत नाही.' अगं, घडलं एवढंच की मुलं हसली. बाकीचं तुझ्या मनानं जोडलं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची १९५५ पासूनची विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती नेमकं यावरच बोट ठेवते: घटना आणि त्रास यांच्या मध्ये आपण लावलेला अर्थ असतो.

माझ्या पहिल्या वर्षी एक मुलगा सारखा खिडकीबाहेर बघायचा. महिनाभर मी त्याला उर्मट समजले. त्याला फळ्यावरचं दिसतच नव्हतं! चष्मा लागला आणि तो आपणहून पुढच्या बाकावर येऊन बसला. अजून वाईट वाटतं मला.

सगळं छानच मान, असं मी सांगत नाही. वहीत दोन रकाने आख: काय दिसलं, मी काय समजले. आणि उद्या त्या दोघांना सरळ विचार, "कशाला हसलात रे?"