प्रतिनिधी झाले आणि झोप उडाली

खुर्चीत बसताना तिनं फोन टेबलावर पालथा ठेवला. पाच मिनिटांत तो थरथरत थरथरत टेबलाच्या कडेपर्यंत सरकला. दर थरथरीला तिचं वाक्य अर्ध्यावर तुटायचं. तोंडानं मात्र म्हणत होती, "काही विशेष नाही मॅडम, अभ्यासात लक्ष लागत नाही, एवढंच. आणि झोप."

विद्यापीठातली दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी, विभागाची विद्यार्थी प्रतिनिधी. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) अंतर्गत परीक्षेचं वेळापत्रक बदला, ही मुलांची मागणी तिनं बैठकीत मांडली होती आणि ती फेटाळली गेली. ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, "सरांच्या पुढेपुढे करायला निवडून दिलं का?" इकडे एका प्राध्यापकांनी ऐकवलं, "नेतागिरी जरा कमी कर." राजीनामा द्यावा का, हा तिचा प्रश्न. माझ्याकडे समुपदेशनासाठी येणारे प्रतिनिधी तो हमखास विचारतात.

पहिल्या भेटीत मी चुकले. मेसेज सकाळी आणि संध्याकाळीच बघायचे, असं वेळापत्रक आखून दिलं. पुढच्या आठवड्यात ती आणखी ओशाळून आली, कारण आता तेही पाळता आलं नव्हतं. वेळ कमी पडणं हे दुखणं नव्हतंच. "मी कुणाला काही मिळवून दिलं नाही" हे तिला खात होतं.

मग मी कागद पुढे केला. तिच्याकडे आलेली सगळी गाऱ्हाणी लिहायला सांगितली. चौदा निघाली. "यातली बैठकीत मांडण्याजोगी किती?" तेरा. "आणि ज्यांचा निर्णय तू घेणार होतीस अशी?" बराच वेळ कागदाकडे बघून म्हणाली, "एकही नाही की."

१३व्या-१४व्या शतकांत इटलीतल्या बोलोन्याच्या विद्यापीठात विद्यार्थीच रेक्टर, म्हणजे विद्यापीठाचा प्रमुख, निवडत आणि तासाला उशिरा येणाऱ्या प्राध्यापकाला दंड ठोकत, हे सांगितल्यावर ती पहिल्यांदा हसली. आजच्या प्रतिनिधीच्या हाती तसलं काही नसतं. बहुतेक ठिकाणी त्याला बैठकीत एक खुर्ची मिळते, बोलायची संधी मिळते आणि नंतर इतिवृत्त. ते तिनं वाचलंच नव्हतं! "नाही" ऐकल्यावर पुढचं तिच्या कानात शिरलं नव्हतं. माझ्यासमोरच फोनवर उघडलं, तर मागणीखाली एक ओळ होती: पुढील सत्रापासून दोन पेपरांमध्ये एक दिवसाचं अंतर ठेवण्याबाबत विचार व्हावा.

तेराचा हिशेब लागला. चौदावं काय, असं विचारल्यावर ती रडायला लागली.

एका वर्गमैत्रिणीनं मध्यरात्री फोन करून "जगावंसं वाटत नाही" असं सांगितलं होतं. ही पहाटेपर्यंत फोनवर बसली आणि नंतर रोज रात्री फोन उशाशी घेऊन पडायची. "प्रतिनिधी म्हणून विश्वासानं सांगितलं, मी कुणाला कशी सांगू?" झोप उडाली होती ती इथे. ग्रुपवरचे टोमणे तिनं पचवलेही असते.

जिवाशी गाठ असलेली गोष्ट गुपित म्हणून एकटीनं सांभाळायची नसते, हे मी तिला अगदी ठणकावून सांगितलं. एरवी मी समुपदेशनात आवाज चढवत नाही. मैत्रिणीला काय म्हणायचं तेही आम्ही दोन-तीनदा बोलून पाहिलं: "मला तुझी काळजी वाटते. मी हे मनात ठेवणार नाही. चल, मी सोबत येते." मैत्रीण आत्ता एकटी नाही ना, याची तिथूनच फोन लावून खात्री केली. त्याच दुपारी दोघी माझ्या दाराशी होत्या. मैत्रिणीला मी माझ्या सहकाऱ्याकडे सोपवलं.

इतिवृत्तातली ती ओळ तिनं ग्रुपवर टाकली, खाली पुढच्या बैठकीची तारीख. टोमणा मारणाऱ्यानं एक अंगठा टाकला. राजीनाम्याचा विषय पुन्हा निघाला नाही. पुढच्या वर्षी मात्र ती उभी राहिली नाही, आणि मला ते योग्यच वाटलं.