मुंबईत पहिल्यांदाच खायला येताय? मग हे वाचा

मुंबईत खायला हाताशी दोनच दिवस असतील, तर यादी छोटी ठेवा प्लीज. सगळेजण हीच चूक करतात, सकाळी अकराला एकाच जागी तीन प्लेट हाणतात आणि दुपारनंतर काही जातच नाही.

सुरुवात वडापावनेच करा. दादरला कीर्ती कॉलेजजवळचा घ्या, सोबत चुरा (तळलेल्या बेसनाचे कुरकुरीत तुकडे) मागून घ्या. गर्दी बघून घाबरू नका, उलट गर्दी असते म्हणूनच वडा कढईतून थेट पावात येतो. तो गरम असतानाच तिथंच उभं राहून खायचा, लाल सुकी लसणाची चटणी वड्याला चिकटलेली असते, मधेच तळलेल्या मिरचीचा एक तुकडा तोडायचा. पार्सल करून हॉटेलवर नेलात तर पाव घामेजतो आणि मजाच जाते, ते अजिबात करू नका.

मग:
- इराणी कॅफे: मरीन लाइन्सचं कयानी, १९०४ पासूनचं. बन मस्का चहात बुडवून खा.
- दादरला प्रकाशमध्ये साबुदाणा वडा आणि पियूष.
- मालवणी ठिकाणी बोंबील फ्राय, पण जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा ताजे आहेत का विचारूनच ऑर्डर द्या.

पाणीपुरीचं म्हणाल तर पोट नाजूक असेल तर बाटलीबंद पाण्यात बनवणाऱ्याकडेच खा. मोहम्मद अली रोड, खाऊगल्ल्या वगैरे पुढच्या ट्रिपला, तेव्हा विचारा, सविस्तर सांगेन.