राजीनाम्यावर सही होऊ देऊ नका

प्रश्न : माझे पती (वय 51) जिल्हा परिषदेत वरिष्ठ सहायक आहेत, सेवा 24 वर्षं. दोन वर्षांपासून स्वभाव पालटला. नोंदी चुकतात, फाइली पडून राहतात, कुणालाही उसने पैसे देतात. आता फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियाचं (मेंदूच्या पुढच्या आणि बाजूच्या भागाच्या ऱ्हासाचा आजार) निदान झालंय. त्याआधीच कारणे दाखवा नोटीस आली होती. सहकारी म्हणतात, चौकशी लागण्यापेक्षा राजीनामा द्या. घर त्यांच्या एकट्याच्या नावावर आहे. कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ ॲटर्नी) केलं तर भागेल का?

उत्तर : ताई, राजीनामा मुळीच नको. राजीनामा दिला की निवृत्तिवेतनासाठीची आधीची सगळी सेवा जप्त होते. या आजारात सुरुवातीला स्मरणशक्ती बरीच शाबूत असते, बिघडतो तो विवेक. म्हणून कार्यालयाला तो आजार न वाटता बेशिस्त वाटते.

नोटिशीला मुदतीत लेखी उत्तर द्या. सोबत न्यूरॉलॉजिस्टचं प्रमाणपत्र आणि एमआरआयचा अहवाल जोडा. लक्षणं साधारण कधीपासून दिसू लागली, हे डॉक्टरांकडून प्रमाणपत्रात लिहून घ्या, कारण चुका त्याच काळातल्या आहेत हे दाखवायचंय. उत्तराची पोहोच घ्या. दिव्यांग हक्क कायदा 2016, कलम 20(4) नुसार सेवेत असताना दिव्यांगत्व आलं म्हणून कामावरून काढता येत नाही, पदावनतही करता येत नाही. त्याच वेतनश्रेणीत दुसरं काम द्यावं लागतं. ते नसेल तर योग्य पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य (मंजूर संख्येपेक्षा जादा) पदावर ठेवावं लागतं. उत्तरात हीच मागणी करा. कायद्याच्या यादीत डिमेन्शियाचं नाव स्वतंत्र नाही, पण मानसिक आजाराच्या व्याख्येत विचार, स्मृती आणि निर्णयक्षमतेतला गंभीर बिघाड येतो. त्यासाठी दिव्यांगत्व प्रमाणपत्राचा अर्ज लगेच करा. मानसिक दिव्यांगत्वाशी जोडलेल्या वर्तनावरून शिस्तभंगाची कारवाई हा अप्रत्यक्ष भेदभाव आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने रवींदर कुमार धारिवाल खटल्यात 2021 मध्ये म्हटलंय. उत्तरात त्याचा हवाला द्या.

आता कुलमुखत्यारपत्राचं. बहुतेक कुटुंबं इथेच फसतात. करार कायद्याच्या कलम 201 प्रमाणे, देणाऱ्याचं मानसिक संतुलन गेलं की मुखत्यारी संपते. म्हणजे नेमकी गरज लागेल तेव्हाच तो कागद निरुपयोगी. ‘कायमस्वरूपी’ असा शब्द घातला तरी फरक पडत नाही. नॉमिनीचा उपयोगही मृत्यूनंतरच. मानसिक आरोग्यसेवा कायदा 2017 खालचा नामनिर्देशित प्रतिनिधी उपचारांचे निर्णय घेतो, मालमत्तेचे नाही.

म्हणून आधी डॉक्टरांना विचारा: व्यवहार काय आहे, त्याचा परिणाम काय, हे पतीला आज समजतं का? समजत असेल तर मृत्युपत्र आणि घराचं तुमच्या नावे नोंदणीकृत बक्षीसपत्र आताच करा. महाराष्ट्रात राहतं घर पत्नीला बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क नाममात्र लागतं, स्थानिक अधिभार वेगळा. गृहकर्ज असेल तर आधी बँकेची संमती घ्या. त्याच दिवशीचं मानसिक क्षमतेचं डॉक्टरी प्रमाणपत्र हवं, महिनाभर जुनं नको. मुलांना आणि दीर-नणंदांना आधी सांगून ठेवा. पुढे दावा आला तर बहुधा घरातूनच येतो.

पगाराचं खातं ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ (दोघांपैकी कुणीही चालवू शकेल असं संयुक्त) करून घ्या, यूपीआयची मर्यादा कमी करा, चेकबुक तुमच्याकडे ठेवा.

समज गेलेली असेल तर त्यांच्याकडून कोणत्याच कागदावर सही घेऊ नका. मग मार्ग उच्च न्यायालयाचा: राज्यघटनेच्या अनुच्छेद 226 खाली तुम्हाला त्यांचं पालक (गार्डियन) नेमण्याची याचिका. न्यायालय सहसा सरकारी डॉक्टरांचा अहवाल मागवतं. वारसांच्या संमतीची प्रतिज्ञापत्रं आणि मालमत्तेची, खात्यांची यादी सोबत तयार ठेवा. पालक झाल्यावरही घर विकायला न्यायालयाची परवानगी लागू शकते. तोवर नोटिशीची मुदत चुकू देऊ नका.