हिल्सबरोत जुनं घर घेण्याआधी

तुम्ही विचारलंत की नोकरी अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या रिसर्च ट्रँगल पार्कात मिळालीय, मराठी मंडळी बहुतेक जवळच्या कॅरी-मॉरिसव्हिल गावांत, पण तुम्हा दोघांना हिल्सबरोतली जुनी घरं आवडलीत, तर तिथं राहावं का. जरूर राहा. फक्त ती घरं कुणाच्या कष्टावर उभी राहिली, ते आधी जाणून घ्या.

गाव १७५४ चं. एनो नदीकाठी, मूळ रहिवाशांच्या व्यापारी वाटेवर विल्यम चर्टननं ते आखलं. मुख्य रस्ता आजही चर्टन स्ट्रीटच. भ्रष्ट अंमलदारांविरुद्ध उठलेल्या सहा 'रेग्युलेटर' बंडखोरांना १७७१ मध्ये इथंच फाशी दिलं. नागरिकांच्या हक्कांची सनद जोडल्याशिवाय अमेरिकेच्या राज्यघटनेला मंजुरी नाही, असं नॉर्थ कॅरोलायनानं १७८८ मध्ये ठरवलं तेही याच गावात. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्या विल्यम हूपरचं १७७२ चं घर अजून उभं आहे.

पण सगळ्यात आधी बर्वेल स्कूल बघा. १८३७ ते १८५७ मुलींची शाळा, पांढरं लाकडी घर, मोठं आवार. शाळा चालवणाऱ्या पाद्र्याच्या घरात एलिझाबेथ केकली ही तरुण मुलगी गुलाम होती. तिला या गावात चाबकानं मारलं. गावातल्या एका गोऱ्या पुरुषानं तिच्यावर वर्षानुवर्षं अत्याचार केला, त्यातून तिला मुलगा झाला. तो पुरुष कर्कलंड घराण्यातला. त्याच घराण्याचं १८१५ चं एअर माउंट हे विटांचं घर गावाबाहेर आहे. तिथं लोक हौसेनं फिरायला जातात. पुढं १८५५ मध्ये केकलीनं पैसे भरून स्वतःला आणि मुलाला सोडवलं, मग ती लिंकनच्या पत्नीची शिवणकाम करणारी झाली. १८६८ मध्ये तिनं हे सगळं स्वतः लिहून ठेवलं. ही दोन्ही घरं एकाच दिवशी बघा, म्हणजे गाव कळेल.

आता व्यवहाराचं. ऐतिहासिक भागातल्या घराच्या बाहेरच्या बाजूला खिडकी, कुंपण, शेड काहीही बदलायचं तर आधी गावाची परवानगी लागते. कागदपत्रांवर सही करण्याआधी नियम वाचा. १९७८ च्या आधीच्या घरात शिशाचा रंग असू शकतो. विकणाऱ्याला त्याची जी माहिती असेल ती कायद्यानं द्यावीच लागते, तरी लहान मूल असेल तर स्वतंत्र तपासणी कराच. वाळवी आणि घराखालची ओल यांची तपासणी वेगळी सांगा. आणि पहिलं वर्ष भाड्यानं राहा. एजंट घाई करेल, तुम्ही करू नका.