अल्ट्रा वाइडबँड रिसीव्हर सुधारायचा तर अ‍ॅम्प्लिफायर वाढवावा का?

सातपूर एमआयडीसीतील शेडमध्ये अल्ट्रा वाइडबँड (अतिशय रुंद पट्ट्यात क्षणिक पल्स पाठवून अंतर मोजणारा रेडिओ) टॅगची पॅकेट (डेटाचे तुकडे) दहा-बारा मीटरपुढे गळतात आणि मोजलेले अंतरही खऱ्यापेक्षा जास्त येते, तर रिसीव्हरला आणखी एक अ‍ॅम्प्लिफायर जोडावा का, असे तुम्ही विचारले आहे. मी अंबडमध्ये अशाच यंत्रणांची जोडणी पाहतो. माझ्या मते त्या खर्चातून फारसे काही हाती लागणार नाही.

अमेरिकेच्या एफसीसी या दूरसंचार नियामकाने २००२ मध्ये ठरवलेली प्रसारण शक्तीची मर्यादा प्रति मेगाहर्ट्झ उणे ४१.३ डीबीएम (एक मिलीवॅटच्या तुलनेत डेसिबलमध्ये मोजलेली शक्ती) आहे, म्हणजे ५०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात सगळी मिळून उणे १४ डीबीएमच्या आसपास. साडेसहा गिगाहर्ट्झला मोकळ्या जागेतही दहा मीटरवर सुमारे ६९ डेसिबल घट होते, आणि उरलेला उणे ८३ डीबीएमचा सिग्नल रिसीव्हरच्या स्वतःच्या नॉइजच्या जवळपास बरोबरीला येतो. नंतर जोडलेला अ‍ॅम्प्लिफायर दोन्ही सारखेच वाढवतो. त्यापेक्षा प्रिअ‍ॅम्बलची (पॅकेटच्या सुरुवातीच्या ठरलेल्या पल्समालिकेची) लांबी दुप्पट केली, तर कोरिलेशनमधून (आलेला सिग्नल ठरलेल्या नमुन्याशी जुळवून पाहण्यातून) सुमारे ३ डेसिबल मिळतात. मात्र टॅग आणि रिसीव्हर दोन्हींच्या घड्याळाच्या क्रिस्टलमधील वारंवारतेचा फरक आधी ट्रिम करून घ्यावा, आणि टॅगची बॅटरी लवकर संपेल हे गृहीत धरावे.

खरी अडचण पत्र्याची आणि लोखंडी रॅकची आहे. पल्स जेमतेम दोन नॅनोसेकंदांची असल्यामुळे ज्या परावर्तनांच्या मार्गांत साठ सेंटिमीटरहून अधिक फरक आहे, ती वेगवेगळी दिसतात. डेटासाठी ही चांगली गोष्ट आहे, कारण रेक रिसीव्हर त्यांतली ऊर्जा गोळा करतो. सगळे मार्ग धरणे परवडत नाही, म्हणून सर्वांत बलवान असे मोजके निवडावेत. दुबळ्या मार्गांचा अंदाजच नॉइजने बिघडलेला असतो आणि ते जोडल्याने नुकसानच होते. सिम्युलेशनमध्ये रेकला चॅनेलची (सिग्नल येण्याच्या सगळ्या मार्गांची) अचूक माहिती आयती दिली की आलेख फार देखणा येतो, त्यावर विसंबू नये.

अंतर मोजताना मात्र सर्वांत बलवान मार्ग नको, सर्वांत आधी आलेला हवा. मध्ये रॅक आला की थेट मार्ग क्षीण होतो, थ्रेशोल्ड (सिग्नल म्हणून धरण्याची किमान पातळी) चढा असेल तर तो निसटतो, आणि एकतर्फी वेळेतला एक नॅनोसेकंदाचा उशीर तीस सेंटिमीटरची चूक होऊन बसतो. थ्रेशोल्ड फार उतरवला तर नॉइजच पहिला मार्ग म्हणून धरला जातो. म्हणून चिपमधून चॅनेल इम्पल्स रिस्पॉन्स (कोणत्या क्षणी किती सिग्नल पोहोचला याची नोंद) काढून पाहावा, एकदा साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी आणि एकदा पाळी चालू असताना. एकूण शक्ती आणि पहिल्या मार्गाची शक्ती यांत दहा डेसिबलहून अधिक तफावत असेल, तर थेट मार्ग अडला आहे असे समजून ते मोजमाप कमी भरवशाचे धरावे किंवा अँकरची (एका जागी बसवलेल्या रिसीव्हरची) जागा बदलावी. अँकरचा अँटेना छताच्या लोखंडी ट्रसला (सांगाड्याला) चिकटवलेला असेल, तर मात्र बाकी काही करण्याआधी तो तिथून हलवा.